लोणी बाजारात, ताक घरात

व्हर्जिलच्या 'इनिड' या महाकाव्यात एक विलक्षण शाप आहे. ट्रॉय नगरी जळून गेल्यावर नव्या भूमीच्या शोधात निघालेल्या इनिअसला आणि त्याच्या सोबत्यांना अर्धी स्त्री व अर्धी पक्षीण अशी एक राक्षसी सांगते, की भुकेने कासावीस होऊन तुम्ही आपली जेवणाची मेजेसुद्धा चावून खाल, त्याशिवाय तुम्हांला तुमचे नगर वसवता येणार नाही. पुढे सातव्या सर्गात ही मंडळी टायबर नदीच्या काठी झाडाखाली बसतात. गवतावर गव्हाच्या पोळ्या पसरून त्यांवर रानातली फळे वाढून घेतात. फळे संपतात, भूक उरते, तेव्हा खालच्या पोळ्याही मोडून खातात. इनिअसचा लहानगा मुलगा थट्टेने म्हणून जातो, की आपण तर मेजेच खाल्ली. आणि शाप फिटतो. ज्या घरात ठेचा नि पिठले भाकरीवरच वाढून घेतात आणि शेवटी ताट झालेली भाकरीही पोटात जाते, त्या घरातल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

या काव्याचे स्कॉटलंडच्या बोलीत भाषांतर केले ते गॅव्हिन डग्लस नावाच्या कवीने. १५१३ सालच्या उन्हाळ्यात त्याने ते पुरे केले, आणि दोनच महिन्यांत फ्लॉडनच्या रणात स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स आपल्या सरदारांसह मारला गेला. व्हर्जिलच्या त्या पोळ्यांना आपल्या भाषेत काय म्हणावे, असा प्रश्न डग्लसपुढे आला असणार. त्याने घरातलाच शब्द उचलला: स्कोन. या शब्दाचा कागदावर सापडणारा हा पहिला उल्लेख, असे कोशकार मानतात. म्हणजे आज इंग्रजी चहाच्या मेजावर साय आणि मुरंबा अंगावर घेऊन ऐटीत बसणारा हा जिन्नस लिखित जगात प्रथम आला तो भुकेल्या, घर हरवलेल्या माणसांचे ताट म्हणून. मला ही गोष्ट फार अर्थपूर्ण वाटते.

सातवीच्या वर्गात एका मुलीने मला विचारले होते, "बाई, स्कोन म्हणजे काय हो? इंग्रजी गोष्टीतली माणसे सारखी खातात ते?" त्या वेळी, जाड गोड भाकरी गं, असे उत्तर देऊन मी पुढे गेले. पुढे मिळेल ते वाचत गेले तेव्हा दिसले, की त्या उत्तरातला 'गोड' हा शब्द फार उशिरा येऊन चिकटलेला आहे. 'भाकरी' हा मात्र मुळापासूनचा.

नावाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. स्कॉटलंडात व उत्तर इंग्लंडात त्याला 'स्कॉन' म्हणतात. दक्षिणेत पुष्कळजण 'स्कोन'. यावर तिकडे वाद चालतो तो आपल्याकडच्या 'पोळी की चपाती' या वादाइतकाच तावातावाने आणि तितकाच निष्फळ. पर्थ शहराजवळ स्कून नावाचे एक गाव आहे. त्याचे स्पेलिंग नेमके हेच. तेथल्या ज्या शिळेवर बसवून स्कॉटलंडच्या राजांना अभिषेक होई, ती पहिल्या एडवर्डने १२९६ साली इंग्लंडात नेली आणि ती परत यायला १९९६ साल उजाडले. स्कोन हे नाव त्या शिळेवरून पडले अशी कथा सांगतात. कथा छान आहे, पण भाषेचे अभ्यासक तिला मान देत नाहीत. जुन्या डच भाषेतल्या शुभ्र, उत्तम पावाला असलेल्या शब्दापासून तो आला असावा, असा त्यांचा कौल आहे. यातला विनोद असा, की ज्यांच्या घरी तो रोज होई त्यांना शुभ्र पीठ क्वचितच दिसे.

स्कॉटलंडची जमीन थंड, ओली आणि पुष्कळशी डोंगराळ. तिथे गहू धड येत नाही. ओट येतात, सातू येतो. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या प्रसिद्ध कोशात ओटची व्याख्या देताना, इंग्लंडात हे घोड्यांचे खाणे आणि स्कॉटलंडात माणसांचे, अशा आशयाचा टोमणा मारून ठेवला आहे. शहरी पंडिताला ज्वारी-बाजरीवर जगणाऱ्यांविषयी जे वाटते तेच हे. आमच्या साताऱ्यास १८१८ पासून काही वर्षे राहिलेला, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रांट डफ हा याच ओटच्या मुलखातला, बॅन्फ गावचा.

भट्टी ही श्रीमंतांची किंवा गावच्या भटारखान्याची वस्तू. झोपडीत असे ती जमिनीवर धुमसणारी पीटची, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातकट इंधनाची शेगडी, आणि तिच्यावर साखळीने टांगलेला लोखंडी तवा. त्याला स्कॉट लोक 'गर्डल' म्हणतात. हा तवा किती जुना? चौदाव्या शतकातला बखरकार फ्रुआसार १३२७ च्या स्वारीचे वर्णन करताना सांगतो, की स्कॉट स्वार खोगिराखाली एक लोखंडी पत्रा आणि मागे ओटच्या पिठाची पिशवी बांधून निघतात. रोजचे मांस खाऊन पोट बिघडले, की विस्तवावर पत्रा ठेवून पातळ पोळी भाजून खातात. घोड्यावर बसल्या बसल्या हातावर कणसे चोळून खाणाऱ्या बाजीरावाची आख्यायिका ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ही फौज परकी वाटणार नाही. पुढे १५९९ साली राजा सहावा जेम्स याने फाइफ परगण्यातल्या कलरस गावच्या लोहारांना हे तवे घडवण्याचा खास हक्क दिला. तव्याला राजाची सनद मिळाली. त्यावर भाकरी थापणारीला कसली सनद?

ओटची पोळी कडक होते, कारण त्या पिठाला चिकटपणा नाही. सातूची मऊ होते. रॉबर्ट बर्न्स या शेतकरी कवीने १७८६ साली छापलेल्या आपल्या पहिल्या संग्रहात मद्याची स्तुती करता करता सातूच्या लवचिक, मऊ स्कोनचीही स्तुती केली आहे. याचा अर्थ स्कोनचा मऊपणा सोडा येण्यापूर्वीचा आहे. तव्यावरून उतरलेली पोळी फडक्यात गुंडाळून ठेवायची, तिचीच वाफ तिच्यात जिरू द्यायची, ही युक्ती त्या मुलखातल्या बायकांना ठाऊक होती. आपल्या भाकरीच्या टोपलीतले फडके दुसरे काय करते? पण ती पोळी फुगत नसे. मऊ होती, तरी चपटी होती.

आता ताकाकडे यायला हवे, कारण माझ्या मते स्कोनचा खरा इतिहास ताकातच आहे.

स्कॉटलंडात व आयर्लंडात कुळाच्या घरी गाय असली तरी तिचे लोणी त्या घराचे नव्हे. आयर्लंडात लोणी विकून जमीनदाराचा खंड भरत. स्कॉटलंडात खंडाचा काही भाग कोंबड्या, लोणी, चीज अशा वस्तूंत देण्याची जुनी रीत होती, तिला 'केन' म्हणत. चांगले ते पायरी उतरून जाई. घुसळणाच्या तळाशी उरे ते आंबट ताक. ते मुले पीत, ते ओटच्या लापशीवर पडे आणि त्यातच पीठ भिजवले जाई. शहरांतून गाडीवर घालून ते विकतही. स्कॉट बोलीत त्याला 'सूर डूक' म्हणतात.

हे वाचताना माझ्यासमोर माझी आजी उभी राहिली, माझ्या आईची आई. घरात दोन म्हशी. बुधवारच्या बाजाराला ती पहाटे निघायची ते लोण्याच्या गोळ्याचा डबा डोक्यावर घेऊन. त्या पैशांत मीठ-मिरची, वह्या आणि सावकाराचे व्याज. आम्हां नातवंडांना लोणी मिळे ते रवीला चिकटलेले, बोटाने निपटून. ताक मात्र हवे तितके. कढी, आंबील, ताकातल्या कण्या, आणि वर शेजारणी भांडे घेऊन येत त्यांनाही. ताकाला जाऊन गाडगे लपवायचे कशाला, ही म्हण ज्यांनी घडवली त्यांना ताक कोणाकडे मागावे आणि का मागावे लागते, हे पुरते माहीत होते. आजीला स्कॉटलंड हा शब्दही ठाऊक नव्हता. पण एखादी स्कॉट कुळंबीण तिच्या चुलीपाशी येऊन बसली असती, तर दुभाष्याची गरज पडली नसती असे मला वाटते.

या ताकाला जोडीदार मिळाला तो एकोणिसाव्या शतकात, आणि तो आला कारखान्यातून. समुद्राच्या मिठापासून सोडा करण्याची रीत फ्रेंच वैद्य निकोलस लेब्लांक याने शोधून १७९१ साली तिचे पेटंट घेतले. राज्यक्रांतीत त्याचा कारखाना सरकारजमा झाला, पैसा बुडाला, आणि १८०६ साली त्याने स्वतःचा जीव घेतला. त्याच्या रीतीवर श्रीमंत झाले ते दुसरेच. ग्लासगोत चार्ल्स टेनंट याच्या सेंट रोलॉक्स कारखान्यात पुढे सोड्याचे डोंगर निघू लागले. त्या कारखान्याचे चारशे फुटांहून उंच धुराडे १८४२ साली उभे राहिले ते अशाकरिता, की मिठाच्या आम्लाची वाफ शहराच्या डोक्यावरून दूर जावी. वाफ दूर गेली नाही. अशा कारखान्यांभोवतीची झाडे जळाली, पिके करपली, आणि शेवटी १८६३ साली ब्रिटिश पार्लमेंटला त्यासाठी कायदा करावा लागला. चिमूटभर पांढऱ्या पुडीमागे एवढे मोठे काळे धुराडे उभे आहे. पुढे १८६० च्या दशकात सॉल्व्हे या बेल्जियन माणसाची अधिक स्वच्छ रीत आली. त्याच रीतीवर १८७३ साली इंग्लंडात ब्रुनर आणि माँड यांनी कारखाना काढला, आणि २००६ साली तो आपल्या टाटा केमिकल्सने विकत घेतला. इतिहासाला कधीकधी अशी विनोदाची लहर येते.

सोडा आणि ताक एकत्र आले, की ताकातले आम्ल सोड्यातला वायू मोकळा करते. प्रयोगशाळेत शिर्का आणि सोडा घेऊन मुलांना दाखवतो तोच हा प्रकार. पावाला यीस्ट लागते, म्हणजे तास-दोन तास उबदार जागा, आणि वाट पाहायला वेळ असलेले माणूस. यीस्ट मिळेना तेव्हा गोव्यातल्या पाववाल्यांनी माडाची सूर वापरली, तीही आंबायला रात्र घेणार. सोड्याला रात्र लागत नाही. उलट, थांबलात तर वायू उडून जातो. रानातून येऊन पोरांना जेवू घालायचे आहे आणि पुन्हा दुभत्याकडे जायचे आहे, अशा बाईच्या हाताला हे गणित चोख जुळले. सोडा स्वस्त, ताक फुकट, पीठ साधे, तवा घरचाच. पहिल्यांदा कोणी ही जोडी जमवली ते नाव इतिहासात नाही. पेटंटाच्या कचेरीत जाणारी ती माणसे नव्हती.

नावे आहेत ती पुढच्यांची. बर्मिंगहॅमचा औषधविक्या आल्फ्रेड बर्ड याने १८४३ साली बेकिंग पावडर तयार केली ती आपल्या बायकोसाठी. तिला यीस्ट सोसत नसे. सोड्यातच कोरडे आम्ल मिसळलेले, म्हणून ताकाची गरज नाही. १८४५ साली ब्रिस्टलच्या हेन्री जोन्सने ही पूड पिठातच घालून आपोआप फुगणारे पीठ विकायला काढले. खलाशांच्या नशिबी असलेली दगडासारखी बिस्किटे तरी सुटतील म्हणून तो आरमाराच्या कचेरीचे उंबरठे झिजवत राहिला, आणि साहेबांना ते पटायला १८५५ साल लागले. कर्तबगार माणसे होती, यात शंका नाही. पण माझे मत असे, की त्यांच्या पुडीने स्कोन उंच झाला आणि थोडा कोरडाही झाला. ताकाचे काम केवळ फुगवण्याचे नव्हते. त्याच्या आंबटपणाने पिठाचा चिवटपणा ढिला पडतो, म्हणून आतला गर ओलसर आणि हलका राहतो. ताज्या दुधात आणि बेकिंग पावडरीत ही करामत नाही.

आमच्या घरी मी तो जुन्या रीतीने करते, तव्यावर. सव्वादोनशे ग्रॅम मैदा किंवा बारीक चाळलेली कणीक, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, चिमूट मीठ, सुपारीएवढे गार लोणी पिठात बोटांच्या टोकांनी चोळून घ्यायचे, आणि दीडशे मिलिलिटर दाट ताक. आपले दही घुसळून काढलेले ताक इथे फार उपयोगी पडते, कारण तिकडच्या दुकानांत आता मिळते त्या ताकापेक्षा ते स्कॉट कुळंबिणीच्या ताकाशी अधिक जवळचे. मात्र त्यात पाणी घातलेले नसावे. ताक एकदम ओतायचे आणि सुरीने कालवायचे. मळायचे नाही. इथे आपल्या बायकांच्या हाताला आवर घालावा लागतो, कारण कणीक म्हटली की तिंबायची, हे आपल्या हाडांत बसलेले. स्कोनची कणीक तिंबली, की तिचे चामडे झाले. गोळा हाताला चिकटेल इतका सैल हवा. कोरडा गोळा हाताळायला सोपा, पण खायला भुसा. भुरभुर पीठ टाकून बोटभर जाड थापायचा, सुरीने चार किंवा सहा तुकडे करायचे, आणि मध्यम आचेवर प्रत्येक बाजू पाच-सहा मिनिटे. लगेच स्वच्छ फडक्यात गुंडाळायचे. भट्टी असेल तर तिला चांगली तापवावी, दोनशे वीस अंशांपर्यंत, आणि दहा-बारा मिनिटांत बाहेर काढावे. मंद आचेवर रेंगाळला, की त्यातला ओलावा निघून गेलाच. माझी मुले त्यावर गूळ-तूप घालतात. एडिंबरोत याला हरकत घेतील की नाही, सांगता येत नाही.

तवा सोडून स्कोन भट्टीत आणि भट्टीतून चांदीच्या तबकात कसा गेला, ती कथा सर्वांना परिचित आहे. बेडफर्डची डचेस ॲना हिला १८४० च्या सुमारास दुपारी पोटात खड्डा पडू लागला आणि तिने तिसऱ्या प्रहरच्या चहाची चाल पाडली, असे सांगतात. श्रीमंतिणीला भूक लागली की तिची प्रथा होते. त्याच सुमारास, १८३९ च्या जानेवारीत, आसामच्या चहाचा लंडनमध्ये पहिला लिलाव झाला होता. १८४६ साली परदेशी धान्यावरची जकात उठवण्याचा कायदा झाला, पुढे अमेरिकेचा गहू आला, पोलादी लाटांच्या गिरण्या आल्या, आणि शुभ्र मैदा गरिबाच्याही आटोक्यात आला. ग्लासगोत केट क्रॅन्स्टन या बाईने १८७८ साली चहागृह उघडले. दारूच्या गुत्त्यांनी भरलेल्या त्या शहरात बाईमाणसाला एकटीने निर्धास्त बसून चहा-स्कोन घेता येईल अशी जागा तिने निर्माण केली. १९०३ सालचे तिचे 'विलो' चहागृह मॅकिंटॉश या थोर वास्तुकाराने सजवले. या साऱ्या कथेत मला मनापासून आवडलेली व्यक्ती हीच.

पण त्या मैद्याविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. स्वस्त झालेला तो सगळाच गहू अमेरिकेचा नव्हता. सुवेझचा कालवा १८६९ साली खुला झाल्यावर हिंदुस्थानचाही गहू ब्रिटनला जाऊ लागला, आणि १८७६ ते १८७८ या दुष्काळाच्या वर्षांत तो थांबला नाही. त्या वर्षांत इकडे सोलापूर, विजापूर, सातारा या पट्ट्यात माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. सर रिचर्ड टेंपल याने मजुरी ठरवली ती माणशी दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबाने. मजुरांनी कामे सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. धान्य देशात मुळीच नव्हते असे नाही. ते बंदरात होते. जहाजात चढलेला नेमका कोणता दाणा कोणाच्या स्कोनात गेला हे कोणी सांगू शकणार नाही, आणि स्कॉट कुळंबिणीवर मी त्याचा दोष ठेवणार नाही. तिचे लोणी जसे गेले तसाच आमचा गहू गेला. नेणारे हात मात्र फारसे वेगळे नव्हते.

पुढची हकीकत भराभर सांगता येईल. डेव्हन आणि कॉर्नवॉल या दोन परगण्यांत स्कोनवर आधी साय की आधी मुरंबा, याचे भांडण अजून मिटलेले नाही. त्यात पडण्याची मला हौस नाही. १९२९ साली मॅरियन मॅकनील या ऑर्कनी बेटांवर जन्मलेल्या विदुषीने 'द स्कॉट्स किचन' हे पुस्तक लिहून तव्यावरच्या पोळ्यांची परंपरा कागदावर उतरवून ठेवली. जे तोंडातोंडी चालले होते त्याला एका बाईच्या हातूनच ग्रंथात जागा मिळाली, हे योग्यच झाले.

मग दुसरे महायुद्ध आले. १९४० च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये लोणी, साखर आणि डुकराचे खारवलेले मांस शिधापत्रिकेवर आले. लोणी माणशी आठवड्याला चार औंस, पुढे पुष्कळ काळ दोनच, म्हणजे साठ ग्रॅमही नाही. १९४२ पासून शुभ्र मैदा बंद होऊन करड्या पिठाचा सरकारी पाव सुरू झाला. युद्ध संपल्यावर, १९४६ च्या जुलैपासून दोन वर्षे, पावावरसुद्धा नियंत्रण होते; युद्धाच्या ऐन धुमाळीतही ते नव्हते. त्या दिवसांत इंग्लंड-स्कॉटलंडच्या गृहिणींनी उकडलेला बटाटा पिठात कुस्करून, नासलेले दूध फेकून न देता त्यात सोडा घालून, साखरेवाचून स्कोन केले. लोण्याचा तुकडा राखून ठेवायचा तो रविवारसाठी. चांदीची तबके कपाटात गेली आणि माळ्यावरचे जुने तवे पुन्हा खाली आले. लोण्यावरचे नियंत्रण उठले ते १९५४ साली.